चूक कुठे नोंदली जाते? पिस्तुलाचा डीकॉकिंग लिव्हर आणि अंगठ्याचा इतिहास

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझा तीन दिवस चाललेला एक प्रयोग फुकट गेला. रात्री वहीत रीडिंग उतरवून घेताना माझं कोपर व्हॅक्यूम पंपाच्या स्विचला लागलं, पंप बंद पडला आणि सकाळपर्यंत नमुना खराब झाला. लॉगबुकात दोनच शब्द लिहिले गेले: ऑपरेटर एरर. ऑपरेटर म्हणजे मी. मलाही ते पटलं होतं.

दोन महिन्यांनी पंप जागेवरून हलवला तेव्हा त्या स्विचभोवती जुन्या चिकटपट्टीचे डाग दिसले. माझ्या आधी कुणीतरी त्यावर बाटलीचं झाकण चिकटवून ठेवलं होतं, म्हणजे त्याचंही कोपर लागलं असणार. त्या झाकणाबद्दल लॉगबुकात मात्र एक ओळही नव्हती.

आज जे सांगणार आहे त्याचं मूळ या डागांमध्ये आहे. माणूस आणि यंत्र यांच्यात होणाऱ्या चुकांचा इतिहास वाचताना मला एक अगदी छोटा, अंगठ्याएवढा विषय सापडला: सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलावरचा डीकॉकिंग लिव्हर चुकून दाबला जाणं. विषय शस्त्रांचा वाटला, तरी संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी त्यात एक मोलाचा प्रश्न आहे. ज्या चुकीचा मागे काहीच पुरावा उरत नाही, तिचा इतिहास लिहायचा कसा?

आधी थोडं यंत्र समजून घेऊ

पिस्तुलाच्या मागच्या टोकाला घोडा असतो, म्हणजे हॅमर. घोडा चढवलेला असेल तर ट्रिगर हलका लागतो. थोडंसं बोट दाबलं की घोडा सुटतो, फायरिंग पिनवर आदळतो आणि गोळी सुटते. याला सिंगल ॲक्शन म्हणतात. घोडा उतरवलेला असेल आणि पिस्तूल डबल ॲक्शन असेल, तर ट्रिगर लांब आणि जड लागतो, कारण तोच आधी घोडा मागे खेचतो आणि मग सोडतो. बेरेटा ९२ जातीच्या पिस्तुलात हा फरक साधारण सव्वादोन किलो विरुद्ध पाच किलोहून जास्त इतका आहे.

आता समजा चेंबरमध्ये गोळी आहे, घोडा चढलेला आहे आणि गोळी झाडायची नाही. घोडा उतरवायचा कसा? जुनी रीत अशी की अंगठ्याने घोडा धरायचा, ट्रिगर दाबायचा आणि घोडा हळूहळू खाली न्यायचा. अंगठा घामाने निसटला की गोळी सुटलीच. डीकॉकिंग लिव्हर हा याच अपघातावरचा उपाय. लिव्हर दाबला की यंत्र आधी फायरिंग पिनपर्यंतचा मार्ग अडवतं किंवा घोडा अलीकडेच रोखतं, आणि मग घोडा सुखरूप खाली येतो. १९२९च्या वाल्थर पीपी पिस्तुलाने ही सोय लोकप्रिय केली, आणि १९३८मध्ये जर्मन सैन्याने स्वीकारलेल्या पी३८मध्येही ती आली.

म्हणजे डीकॉकिंग लिव्हर मुळात सुरक्षिततेसाठी जन्माला आला. पण प्रत्येक नवा लिव्हर ही चुकून दाबली जाऊ शकणारी एक नवी जागाही असते. जुना अपघात मिटवणारं साधन स्वतःचा वेगळा अपघात घेऊन येतं. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे इतक्या वेळा दिसतं की शोधनिबंध वाचताना 'उपाय' हा शब्द आला की मी आता पुढचं पानही बघून ठेवते.

'खाली' म्हणजे काय?

खरी गंमत दिशेत आहे.

अमेरिकन सैन्याने १९११मध्ये स्वीकारलेलं एम१९११ पिस्तूल सिंगल ॲक्शन होतं. त्याची सेफ्टी फ्रेमवर, अंगठ्याच्या जवळ. लिव्हर वर म्हणजे सेफ, खाली म्हणजे फायर. पिस्तूल उपसताना अंगठा सहज खाली जातो, त्यामुळे ही हालचाल हातात चटकन बसते. १९३५च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्येही हीच दिशा आहे. आपल्याकडे इशापूरच्या कारखान्यात बनलेलं सैन्याचं ९ मिमी ऑटो १ए पिस्तूल याच हाय-पॉवरच्या घराण्यातलं. त्याला डीकॉकिंग लिव्हर नाहीच.

वाल्थरच्या परंपरेत उलट आहे. लिव्हर फ्रेमवर नसून वरच्या सरकत्या भागावर, म्हणजे स्लाइडवर. आणि लिव्हर खाली म्हणजे सेफ, शिवाय घोडाही उतरला. फायरसाठी अंगठा वर ढकलायचा.

एकाच हालचालीचे दोन विरुद्ध अर्थ. जुनी बुलेट चालवलेल्यांना हे लगेच कळेल. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा. आयुष्यभर ती चालवलेला माणूस दुसऱ्या गाडीवर बसला आणि समोर अचानक म्हैस आली, की त्याचा पाय डोक्याला न विचारता जुन्याच जागी जातो. घाईच्या क्षणी आठवण उपयोगी पडत नाही, सवय काम करते.

१९८५मध्ये नेमकं हेच अमेरिकन सैन्यात घडलं. चौऱ्याहत्तर वर्षं 'खाली म्हणजे फायर' शिकवणारी संस्था बेरेटा ९२एफ स्वीकारून मोकळी झाली. सैन्यातलं त्याचं नाव एम९. त्याचा लिव्हर स्लाइडवर होता आणि खाली म्हणजे सेफ.

एम९: चूक नेमकी कधी होते?

दिशेचा गोंधळ एक. दुसरी अडचण जास्त बारीक आहे.

पिस्तुलात गोळी अडकली किंवा फुसकी निघाली, की स्लाइड मागे ओढून सोडायची असते. घाईत बरेचजण हात वरून टाकून स्लाइडचा मागचा भाग मुठीत धरतात आणि जोरात ओढतात. एम९चा लिव्हर त्याच मागच्या भागावर, दोन्ही बाजूंना. ओढताना बोटं किंवा तळवा लिव्हरवर दाब देतात आणि लिव्हर खाली जातो. आता स्लाइड पुढे आली, नवी गोळी चेंबरमध्ये गेली, सगळं दिसायला ठीक. पण घोडा उतरलेला, सेफ्टी लागलेली. आणि या पिस्तुलात सेफ्टी लागली की ट्रिगरचा यंत्राशी संबंधच तुटतो. ट्रिगर दाबला तर तो नुसता सैल हलतो. समोर जिवाचा प्रश्न असताना हातातली वस्तू मुकी होते.

आता पुराव्याकडे बघा. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात याच पिस्तुलाच्या काही स्लाइड गोळीबार करताना तुटल्या आणि तुटलेला तुकडा मागे येऊन माणसं जखमी झाली. त्यावर चौकशी झाली, अहवाल आले, आणि ९२एफएस या सुधारित रूपात घोड्याच्या पिनेचं डोकं मोठं करून तुटलेली स्लाइड मागे येण्यापासून रोखली गेली. तुटलेलं लोखंड टेबलावर ठेवता येतं, त्याचा फोटो काढता येतो. चुकून खाली गेलेला लिव्हर मात्र अंगठ्याने वर केला की पुरावा संपला. पिस्तूल तपासायला दिलं तर 'दोष नाही' असाच शेरा येणार, आणि तो खराही असतो, कारण काहीच मोडलेलं नसतं.

मग शोधायचं कुठे? मला पहिला धागा प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत सापडला. अमेरिकन सैन्याच्या २००३च्या पिस्तूल प्रशिक्षण पुस्तिकेत, गोळी सुटली नाही तर लगेच काय करायचं याची क्रमवार यादी आहे. पहिली पायरी मॅगझिन बघा अशी नाही, स्लाइड ओढा अशीही नाही. आधी लिव्हर फायरवर आहे का ते बघायचं, मग पुन्हा ट्रिगर दाबायचा. तरीही नाही झालं तर मॅगझिन नीट बसलंय का ते बघून स्लाइड मागे ओढायची.

ही यादी दोनदा वाचा. लिव्हरला पहिली जागा मिळाली, याचा अर्थ यादी करणाऱ्यांना ही शक्यता खरी वाटत होती. आणि तिसऱ्या पायरीत सांगितलेली स्लाइड ओढण्याची हालचाल हीच लिव्हर पुन्हा खाली नेऊ शकणारी हालचाल आहे. कुठेही 'दोष' हा शब्द न वापरता पुस्तिकेने दोषाची नोंद केलेली आहे.

एक घराणं, दोन लिव्हर, दोन चुका

प्रयोगशाळेतून आलेल्या माणसाला कंट्रोल ग्रुप हवा असतो. इतिहासात तो मागून मिळत नाही, पण कधीकधी आपोआप तयार झालेला सापडतो.

१९७५-७६च्या अगदी पहिल्या बेरेटा ९२ला स्लाइडवर लिव्हर नव्हता. सेफ्टी फ्रेमवर होती, १९११सारखी. काही पोलीस दलांच्या गरजेप्रमाणे बेरेटाने ती हलवून स्लाइडवर नेली आणि डीकॉकिंगची सोय जोडली. ते ९२एस, आणि तिथून पुढे एम९. दरम्यान ब्राझीलच्या सैन्यासाठी बेरेटाने तिथे कारखाना काढला होता. १९८०मध्ये तो टॉरसने विकत घेतला आणि मूळ रूपाचीच पिस्तुलं पीटी९२ नावाने बनवत राहिला, सेफ्टी फ्रेमवर ठेवूनच. पुढे टॉरसनेही डीकॉकिंग आणलं, पण वेगळ्या रीतीने. त्याच लिव्हरला तिसरी जागा दिली: वर सेफ, मध्ये फायर, आणखी खाली दाबलं की डीकॉक.

या रचनेत स्लाइड ओढताना लिव्हर दाबला जाण्याची भीती फारशी उरत नाही, कारण लिव्हर स्लाइडवर नाहीच. पण नवी चूक तयार होते. सेफ्टी काढण्यासाठी अंगठा जोरात खाली मारला की तो फायरवर न थांबता पुढे जाऊन घोडा उतरवू शकतो. नेमबाजाला हलका ट्रिगर अपेक्षित असतो आणि बोटाला जड, लांब ट्रिगर लागतो. पहिली गोळी भलतीकडे जाण्याची शक्यता वाढते.

१९९३च्या हेकलर अँड कॉखच्या यूएसपी पिस्तुलाच्या मुख्य रूपातही हीच तीन जागांची मांडणी आहे आणि हीच तक्रार ऐकू येते. त्यात १९११वर शिकलेल्यांना गोळीबार करताना अंगठा सेफ्टीच्या लिव्हरवर टेकवून ठेवायची सवय असते, त्यामुळे दाब कायमच खालच्या दिशेने. एका लिव्हरला तीन कामं दिली की दोन कामांमधली सीमा अंगठ्याच्या जोरावर ठरते.

यापेक्षा जुनी आणि मला सगळ्यात बोलकी वाटणारी रचना १९३८च्या सावर ३८एचची. तिच्यात एकच लिव्हर घोडा चढवतोही आणि उतरवतोही. काय होणार ते घोड्याच्या आधीच्या स्थितीवर अवलंबून, आणि घोडा स्लाइडच्या आत झाकलेला. हालचाल तीच, परिणाम उलट, आणि कोणता परिणाम होईल ते डोळ्यांना दिसत नाही. डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९८१मध्ये अशा चुकांना 'मोड एरर' या नावाखाली मांडलं. नाव मिळायच्या त्रेचाळीस वर्षं आधी वस्तू तयार होती.

विमानवाल्यांनी काय केलं?

पुरावा न उरणाऱ्या चुका शोधायची पद्धत मला शस्त्रांच्या इतिहासात मिळाली नाही, ती विमानांच्या इतिहासात मिळाली.

दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर उतरल्यावर काही वैमानिक फ्लॅप्स आत घेण्याऐवजी चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. अहवालात शेरा: पायलट एरर. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि हाताला सारखेच लागतात. त्याचा उपाय साधा होता: चाकांच्या स्विचला चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅप्सच्या स्विचला पाचरीच्या आकाराची.

युद्धानंतर, १९४७मध्ये, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी अशा ४६० चुकांचा अभ्यास मांडला. त्यांनी फक्त अपघातांची कागदपत्रं चाळली नाहीत. वैमानिकांनाच विचारलं: नियंत्रणं हाताळताना तुमच्याकडून झालेली किंवा तुम्ही पाहिलेली एखादी चूक सविस्तर सांगा. न घडलेल्या अपघातांच्या गोष्टीही त्यामुळे हाती आल्या. त्यांनी चुकांचे सहा प्रकार केले: एका नियंत्रणाऐवजी दुसरं वापरणं, चुकीच्या प्रमाणात किंवा चुकीच्या जागी हलवणं, विसरणं, उलट्या दिशेने हलवणं, नकळत लागणं, आणि हात न पोहोचणं.

आता आपले लिव्हर या खणांत ठेवून बघा. एम१९११वर शिकलेला शिपाई एम९चा लिव्हर खाली ढकलतो, ही उलट दिशा. स्लाइड ओढताना लिव्हर खाली जातो, हे नकळत लागणं. यूएसपीचा अंगठा फायरच्या पुढे जातो, ही चुकीची जागा. वरवर सगळ्यांना 'चुकून डीकॉक झालं' म्हणता येईल, पण कारणं तीन आहेत आणि म्हणून उपायही तीन लागतात. वर्गीकरण हे थिसिसमधलं कंटाळवाणं प्रकरण असतं असं वाटत असेल, तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

१९६८मध्ये अमेरिकन लष्कराने मानवी अभियांत्रिकीचं एमआयएल-एसटीडी-१४७२ हे मानक आणलं. नियंत्रणं नकळत दाबली जाऊ नयेत म्हणून खोबणीत बसवा, झाकण लावा, जास्त जोर लागेल असं करा, अशी तत्त्वं त्यात आहेत. पंपाच्या स्विचवर झाकण चालतं. पण जो लिव्हर निमिषात सापडला पाहिजे त्यावर झाकण लावलं तर तो वेळेवर सापडणार नाही. पिस्तुलाचा प्रश्न म्हणूनच अवघड आहे: चुकून न दाबला जाणारा आणि हवा तेव्हा पटकन दाबला जाणारा, असा एकच लिव्हर हवा असतो.

नवीन मॉडेल म्हणजे उशिरा लिहिलेली नोंद

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. चूक लॉगबुकात नोंदली जात नसेल, तर ती पुढच्या वस्तूत नोंदली जाते. माझ्या पंपावरच्या डागांसारखी.

फ्रेंच जाँदार्मरीसाठी बेरेटाने ९२जी बनवलं. त्यात लिव्हर खाली दाबला की घोडा उतरतो, पण सोडला की लिव्हर स्प्रिंगने आपोआप वर येतो. सेफ्टी लागून राहतच नाही. स्लाइड ओढताना तो दाबला गेला तरी ट्रिगर मुका होत नाही, फक्त जड लागतो. लिव्हर चुकून दाबला जाणं यात थांबलेलं नाही, चुकीची किंमत कमी झाली आहे. यूएसपीच्या रूपांमध्ये सेफ्टी ठेवून डीकॉकिंगच काढून टाकलेली रूपंही मिळतात. त्याच कंपनीच्या एमके २३ पिस्तुलात सेफ्टी आणि डीकॉकिंग यांना दोन स्वतंत्र लिव्हर दिले. आणि बेरेटाने अमेरिकन सैन्यापुढे ठेवलेल्या एम९ए३मध्ये लिव्हर नेहमीच्या पद्धतीचा किंवा जी पद्धतीचा, असा बदलून घेता येत होता. सैन्याने २०१५मध्ये तो प्रस्ताव नाकारला आणि नवी स्पर्धा घेतली.

२०१७च्या जानेवारीत त्या स्पर्धेतून सिग सावरचं पी३२० निवडलं गेलं. सैन्यात त्याचं नाव एम१७. त्यात बाहेरचा घोडा नाही, डीकॉकिंग लिव्हर नाही. सेफ्टी फ्रेमवर, खाली म्हणजे फायर. बत्तीस वर्षांनी अंगठा पुन्हा १९११च्या दिशेला आला. या पिस्तुलावर पुढे वेगळे वाद झाले, तो स्वतंत्र विषय आहे.

पण इथे जपून

गाइडला मी हा मुद्दा पहिल्यांदा उत्साहाने सांगितला तेव्हा सरांनी एकच प्रश्न विचारला: "प्रत्येक बदलामागे चूकच होती, हे कशावरून?" मी गप्प बसले. बदल स्वस्तात पडावं म्हणूनही होतो, डावखुऱ्यांसाठीही होतो, एखाद्या खरेदीदाराच्या अटीमुळेही होतो. डीकॉकिंग नसलेलं रूप जुन्या सवयीच्या ग्राहकासाठीही असू शकतं. नुसतं नवीन मॉडेल दाखवून 'बघा, चूक सिद्ध झाली' म्हणणं म्हणजे चिकटपट्टीचा डाग बघून पूर्ण प्रसंग रचणं.

म्हणून मी आता तीन साक्षीदार मागते. पहिला वस्तू: लिव्हर कुठे आहे, कोणत्या दिशेने जातो, परत येतो की राहतो. दुसरा कागद: पुस्तिकेत कोणती पायरी आधी येते, कशावर इशारा आहे. तिसरा हात: ते वापरणाऱ्याने त्याआधी वर्षानुवर्षं काय वापरलं होतं. तिघं एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच लिहायचं. एम९च्या बाबतीत तिघं एकत्र येतात. यूएसपीबद्दल वस्तू आणि हात ठाम बोलतात, म्हणून तिथे माझं वाक्यही तेवढंच मोजकं असतं.

संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगेन. तुमच्या विषयात 'मानवी चूक' असा शेरा जिथे दिसेल, तिथे उत्तर मिळालं असं समजून पान उलटू नका. त्या शेऱ्यात फक्त माणसाचं नाव असतं. हात त्याआधी काय करत होता, कुठे शिकला होता, आणि वस्तूने त्याच्या हालचालीचा काय अर्थ लावला, हे तीन प्रश्न विचारा.

माझ्या पंपाच्या स्विचवर आता पुन्हा एक झाकण आहे. या वेळी लॉगबुकात तारीख घालून लिहून ठेवलंय, का लावलं ते.